भेटीला येणाऱ्या बायका

मला त्या बायका आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन अशी आशा कोणी धरायला नको.

समाजकार्याच्या डिप्लोमाचा दुसरा आठवडा होता. वर्ग कॅनडात, ऑन्टारिओतल्या केंब्रिजमध्ये, आणि भिंतीवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बायकांचे फोटो. उंच कॉलर, डोक्यावर टोपी, मांडीवर वही. चेहऱ्यावर तोच भाव, जो आमच्या अकोल्यात मुलगी बघायला आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर असतो. पोहे खातील, पण डोळे पंख्यावरच्या धुळीकडे. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की आपल्या व्यवसायाचा पाया यांनी घातला, यांच्यामुळे आपण इथे आहोत. अर्ध्याहून जास्त वर्ग पंजाब, केरळ, गुजरात आणि महाराष्ट्रातून आलेला. आपण पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या आशेमुळे इथे आहोत हे आम्हाला ठाऊक होतं आणि बाईंनाही. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर या बायका काय करायच्या? अमेरिकेतली शहरं फुगली, कारखाने आले, त्यांच्या मागे गरिबी आली. तेव्हा सुखवस्तू घरांतल्या बायकांनी संस्था काढल्या. वाटेल त्याच्या हातावर भाकरी ठेवायची नाही असा त्यांचा नियम. आधी त्याच्या घरी जायचं. चूल बघायची, अंथरूण बघायचं, दारूचा वास येतो का बघायचं. मग शेजाऱ्याला विचारायचं, मालकाला विचारायचं, दूरच्या नातेवाइकांना पत्र टाकायचं. सगळं लिहून काढायचं आणि ठरवायचं, हा माणूस मदतीच्या लायकीचा आहे का. या तपासणीला त्यांनी नाव काय दिलं होतं, तर मैत्रीची भेट. कोणाच्या घरात शिरून त्याचा पिठाचा डबा उघडून बघायचा आणि त्याला मैत्री म्हणायचं, याला खरोखर वरच्या वर्गाची छाती लागते.

दुसऱ्या एका जातीच्या बायकाही होत्या. त्यांनी गरिबांच्या वस्तीतच मोठं घर घेतलं आणि तिथे राहायला गेल्या. शिवणाचे वर्ग, पाळणाघर, वाचनालय. त्यांच्यातल्या काहींनी पोरांना कारखान्यातून बाहेर काढणारे कायदे करून घेतले, कामाचे तास कमी करून घेतले. ते मी नाकारत नाही, नाकारलं तर मी मूर्ख ठरेन. पण त्यांच्या घराच्या फोटोत मागे पियानो दिसतो. वस्तीत राहायला जाणं आणि वस्तीतून बाहेर पडता न येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या पियानोकडे बघून मला कळतं. आणि ज्या काळ्या बायकांना या संस्थांच्या दारात उभं केलं जात नव्हतं, त्यांनी आपल्या वस्त्यांत स्वतःची पाळणाघरं नि दवाखाने उभे केले. त्या सगळ्या मिळून आमच्या बाईंनी एका स्लाइडमध्ये कोंबल्या होत्या, तीही तास संपता संपता.

आता खरं काय ते सांगते. तेव्हा मला त्या आवडल्या होत्या. टोपीवाल्या, वहीवाल्याच जास्त आवडल्या होत्या. राग त्याचाच आहे.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि एका बेसमेंटमध्ये राहत होते. वर चार मुलं, सगळी कॉलेजातली, दोन नांदेडची, एक जळगावचा, एक सुरतेचा. खाली एका खोलीत मी आणि उदगीरची एक मुलगी. ती बावीसची. सप्लाय चेनचा कोर्स करत होती, शेवटची टर्म जानेवारी ते एप्रिल एवढीच उरली होती. मला ताई म्हणायची. तिचं बोलणं मराठवाड्याचं, माझं वऱ्हाडाचं, आणि वरच्या मुलांशी दोघींचंही हिंदी-इंग्रजी-मराठीचं कडबोळं. ती स्वयंपाक करायची, मी भांडी घासायचे. एकमेकींचं फारसं काही लपलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी ती गाड्यांचे सुटे भाग पॅक करण्याच्या कामावरून परतताना बसस्टॉपजवळच्या बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर. काम बंद. त्याच आठवड्यात घरमालकानं घर विकायला काढलं आणि आम्हा सहाही जणांना जानेवारीअखेर निघायला सांगितलं. मुलांनी एका अपार्टमेंटमध्ये कोंबून घ्यायचं ठरवलं. मला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात खोली मिळाली, पण एकटीलाच, पाहुणासुद्धा चालणार नाही या अटीवर. राहिली ती. हाताला काम नाही, आणि काम नसलेल्या स्टुडंटला रूम कोण देणार? एप्रिलपर्यंत डोक्यावर छप्पर मिळालं तर डिप्लोमा हातात, मग वर्क परमिटला अप्लाय करता येणार. नाही मिळालं, तर दोन वर्षं पाण्यात. एवढीच गोष्ट होती. तीन महिन्यांचं छप्पर.

कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांच्या अडचणींसाठी एक वेगळं ऑफिस होतं. घराची अडचण असली तर तिथे जायचं, असं पहिल्या दिवसापासून आम्हाला सांगितलेलं. आम्ही गेलो नाही. आमच्या डोक्यात आलंच नाही. अडचण आली की आधी आपली माणसं, मग परकी, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी मराठी मंडळाच्या मदत समितीला फोन लावला.

समितीच्या प्रमुख म्हणजे एक काकू. सगळे त्यांना काकूच म्हणत. माहेर सोलापूरचं, सासर पुण्याचं, नवरा वॉटर्लूत सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, घर चार बेडरूमचं. दर हिवाळ्यात त्या नव्या विद्यार्थ्यांना जुनी जॅकेट्स वाटायच्या आणि वाटताना फोटो काढायच्या. मी अडचण सांगितली, तशी त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या एका मेंबरचं बेसमेंट रिकामं आहे, सेपरेट एन्ट्रन्स, वॉशरूम, सगळं. एप्रिलपर्यंत देतील ते, मी शब्द टाकते." आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं. पण मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"फक्त समितीला काहीतरी लेखी लागतं गं," त्या पुढे म्हणाल्या. "मागे एका मुलानं फसवलं आम्हाला. तू सोशल वर्कच शिकतेस ना? मग तूच नीट करून दे ना, प्रोफेशनल."

प्रोफेशनल. या शब्दानं मी फुगले. एकतीस वर्षांच्या आयुष्यात तो शब्द माझ्यासाठी कोणी वापरला नव्हता. इथे येऊन मी मॉलमध्ये डोनट विकत होते.

नेमकी त्याच महिन्यात आमची एक असाइनमेंट होती. त्या जुन्या बायकांच्या पद्धतीनं एका घराच्या पहिल्या भेटीचा कागद तयार करायचा आणि मग त्या पद्धतीत काय बरं, काय वाईट, यावर दोन पानं लिहायची. नमुना म्हणून बाईंनी जुन्या काळच्या कागदात काय काय असायचं ते सांगितलं होतं. मी रकाने पाडले. राहण्याची जागा. घरात आणखी कोण. प्रकृती. काम. सवयी. मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय. सल्लामसलतीसाठी नातेवाईक. एका दगडात दोन पक्षी मारायचे म्हणून तोच कागद समितीला आणि तोच कॉलेजला द्यायचं ठरवलं. कॉलेजला नाव-गाव बदलून, एवढी अक्कल होती.

मी टेबलाशी बसून लिहीत होते तेव्हा ती माझ्यासमोर डाव्या हातानं कांदा चिरायचा प्रयत्न करत होती. कांदा सटकून खाली पडला. तिनं विचारलं, "काय लिहायलीस ताई इतकं?"

"असाइनमेंट," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर चटकन तोंडातून निघालं. तिला विचारायला हवं होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण विचारलं तर ती अर्ध्या गोष्टी सांगू नको म्हणेल, आणि मग कागद अर्धवट राहील, असं मला वाटलं. तिनं मनगट मोडल्याचं घरी सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ती मुलींच्या हॉस्टेलवर राहते असं तिच्या आईवडिलांना वाटतं, हेही माहीत होतं. व्हिडिओ कॉल आला की ती लाँड्रीच्या भिंतीसमोर उभी राहायची, आणि त्या भिंतीवर तिनं मुद्दाम कालनिर्णय टांगलं होतं. तरी मी लिहिलं. वर चार तरुण मुलगे राहतात. अपघाताची कल्पना घरी दिलेली नाही. वडील उदगीरला हेडमास्तर. आणि हे सगळं इतकं स्वच्छ, इतकं नेटकं लिहिलं की बाईंनी वर्गात माझं कौतुक केलं. इतकं बारीक निरीक्षण पहिल्या वर्षाला दिसत नाही, म्हणाल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी काकू आल्या. बरोबर समितीतल्या आणखी दोघी. बूट काढून तिघी खाली उतरल्या, तेव्हा वरची मुलं आपापल्या खोल्यांत दार लावून गप्प बसली होती. काकूंनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून वरण आणि साबुदाण्याची खिचडी आणली होती. ते ठेवायला म्हणून त्यांनी फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवून आतलं सगळं बघितलं.

"अंडी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले. तिची होती.

बरोबरच्या एकीनं खिडकी बंद होते का तपासलं. दुसरीनं पलंगाखाली वाकून हीटर आहे का बघितलं, निदान मला तरी हीटरसाठीच वाकली असं वाटलं. पाठ्यपुस्तकात वाचलेलं सगळं माझ्यासमोर घडत होतं, फक्त टोप्यांच्या जागी कॅनेडियन टायर नावाच्या दुकानातून घेतलेल्या लोकरी कानटोप्या होत्या. आणि मी काय करत होते? मी तिथे यजमानीण असल्यासारखी चहा ओतत होते.

काकू पलंगावर टेकल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो दोन मराठी माणसं भेटली की जगाच्या पाठीवर कुठेही विचारतात. "मग? मूळची कुठली तू बाळा?"

"लातूरकडची," ती म्हणाली.

"लातूरकडची म्हणजे? लातूरच का?"

"नाही, तिकडंच. जरा आडबाजूला."

तिनं असं मोघम उत्तर का दिलं ते मला लगेच कळलं. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीला हे कळतं, की गाव सांगितलं की आडनाव, आडनावावरून घर, आणि घरावरून सगळं. काकूंनी पर्स उघडली आणि माझा कागद काढला. चष्मा लावला.

"इथे तर उदगीर लिहिलंय. वडील हेडमास्तर." मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो आजही डोळ्यांसमोर दिसतो. "अगं, माझ्या वहिनीचा सख्खा भाऊ उदगीरलाच शिक्षक आहे! तुझ्या वडिलांना ओळखणारच तो! आपलीच निघाली की गं ही!" आणि त्यांनी तिला जवळ घेतलं, प्लास्टरला धक्का लागणार नाही अशी काळजी घेऊन.

त्यांच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे बघितलं. मी कपात साखर घालत राहिले.

त्या गेल्यावर ती खिचडीचा डबा न उघडता बसून राहिली. "कोण सांगितलं ताई तुला इतकं लिहायला?"

"त्याशिवाय बेसमेंट नसतं मिळालं."

"भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली बघ," ती म्हणाली. मग तिनं स्वतःचीच समजूत घातली. "जाऊ दे. एप्रिलपर्यंत मिळालं म्हणजे झालं."

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. ती सवयीनं लाँड्रीच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी दात घासत होते. हेडमास्तरांचा आवाज वर्गात असतो तसा होता, चढलेला नाही, पण खोलीभर पोचणारा.

"कॅमेरा खाली कर," ते म्हणाले. "हात दाखव."

तिनं दाखवला.

"आता घर दाखव. जिना दाखव. वर कोण राहतंय ते दाखव."

मग आईचं रडणं ऐकू आलं. त्यानंतर रोज कॉल. पहिल्या दिवशी परत ये, दुसऱ्या दिवशी परत ये, तिसऱ्या दिवशी आईनं जेवण सोडलं. वडिलांनी धमकी दिली नाही, शिवी दिली नाही, फी बंद करतो म्हणाले नाहीत. फक्त रोज सकाळी सांगायचे, तुझ्या आईनं आजही काही खाल्लं नाही. आमच्याकडे मुलीला वळवायला याहून जास्त काही लागत नाही.

मी काकूंना फोन केला. शब्द तयार ठेवले होते, पण आवाज फाटला. "तुम्ही कोणाला विचारून फोन केलात तिच्या घरी?"

"अगं, मी कुठे केला? वहिनीच्या भावाला केला, तो सहज जाऊन आला. आणि समज, उद्या तिला काही झालं असतं, तर? आम्हालाही मुली आहेत." त्यांना माझ्या रागाचं खरंच आश्चर्य वाटत होतं, यात नाटक नव्हतं. "शिवाय नातेवाइकांशी बोलून घ्यावं, हे तर तुझ्याच कागदावर लिहिलंय. तो रकाना काय मी पाडला?"

फोन ठेवून मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या की वरून सुरतेचा मुलगा काय झालं ते बघायला खाली आला.

मग मी आमच्या शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. आपली हुशार विद्यार्थिनी आली म्हणून त्यांनी हसून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की कॉलेजच्या त्या ऑफिसात गेलात का. नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, की तू तिची समाजसेविका नव्हतीस, तू तिची रूममेट होतीस. या पद्धतीतलं वाईट काय यावर तू दोन पानं लिहिलीस ना? त्यात तर तू हेच लिहिलं होतंस.

लिहिलं होतं. संमती न घेता माहिती गोळा करणे, असा शब्दप्रयोगही केला होता. त्या दोन पानांनाही चांगले मार्क मिळाले होते.

बाईंनी तिथल्या तिथे फोन करून नव्या टर्मच्या पहिल्या सोमवारची वेळ मिळवून दिली. घरी जाऊन मी तिला सांगितलं. ती कपडे घडी करत होती, एका हातानं, हनुवटीत टोक धरून. "आता नको ताई," म्हणाली. "काल आईला सलाईन लावलंय."

बेसमेंटवाल्यांनीही अंग काढून घेतलं होतं. घरच्यांचा विरोध असताना आपण मध्ये कसं पडायचं, वाईटपणा कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं. समितीनं एकमतानं ठरवलं की मुलीला सुखरूप घरी पोचवायचं, तिकीट मंडळ काढेल. मी पाठ्यपुस्तक उघडून बघितलं, कारण मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. होतंच. त्या टोपीवाल्या बायकांच्या संस्थाही हेच करायच्या. बाहेरगावचा गरीब दारात आला की त्याचे नातेवाईक कुठे आहेत ते शोधून काढायचं आणि तिकडचं रेल्वेचं तिकीट हातात द्यायचं, फक्त जायचं. प्रकरण मिटलं असं वहीत लिहायचं. शंभर वर्षांत तपासाची साधनं बदलली, तिकिटाची दिशा तीच राहिली.

संक्रांतीचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली हळदीकुंकवाचं टेबल. मुलं इंग्रजीत ओरडत धावत होती आणि आया त्यांना मराठीत थांबवत होत्या. ती यायला तयार नव्हती. पण काकूंनी दोनदा फोन केला, सगळ्यांना भेटून जा, बरं दिसतं ते. म्हणून आम्ही गेलो. तिनं प्लास्टरवरून माझ्या मोठ्या स्वेटरची बाही ओढली होती.

गाणी झाली, उखाणे झाले, मग काकूंनी माइक हातात घेतला. समितीनं यंदा किती जॅकेट्स वाटली ते सांगितलं. नंतर आवाज मऊ केला. "नाव नाही घेत मी, प्रायव्हसी असते. पण आपली एक लेक इथे फार अडचणीत होती. एकटी, हात मोडलेला, राहती जागा योग्य नाही. आपण वेळेवर तिच्या आईवडिलांशी संपर्क साधला आणि येत्या रविवारी ती आपल्या घरी, आईच्या कुशीत जातेय."

टाळ्या पडल्या. नाव न घेताही दीडशे माणसं वळून त्या स्वेटरच्या बाहीकडे बघत होती. एक बाई लांबून उठून आल्या, तिच्या डाव्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोल." तिनं तो खाल्ला. मी उठून माइक हिसकावून घ्यायला हवा होता. मी माझ्या बशीतला तिळगूळ कागदी रुमालात गुंडाळत बसले, आणि गुंडाळून झाल्यावर पुन्हा उघडत.

आज मी याच भागात या कामावर आहे. रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी असते, बूट काढते, आत जाते. कोणी म्हणतं, तुम्ही लोक बरं काम करता. मला तेव्हा चीड येते, पण त्यांना ती दाखवता येत नाही. दरवर्षी सप्टेंबरात माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुलं ते फोटो बघून आलेली असतात आणि त्यांचे डोळे चमकत असतात. मी त्यांच्याशी वाईट वागते, असं माझ्या वरिष्ठांनी एकदा लेखी दिलं आहे. असेन. ज्याच्या घरात जाता त्याच्यासमोर लिहा, आणि लिहिलेलं त्याला वाचायला द्या, हे मी त्यांना ओरडूनच सांगते. काहीजण रडतात.

रविवारी दुपारी विमान होतं. नांदेडचा एकजण गाडी घेऊन येणार होता. बॅग भरून झाली होती, पण झिप एका हातानं ओढली जात नव्हती, म्हणून मी बॅगेवर बसले आणि ती डाव्या हातानं ओढत होती. अर्ध्यावर थांबली.

"ताई, ते लिहिलेलं मला दाखव ना."

"आता कशाला?"

"माझ्याबद्दलच आहे ना? वाचू तरी दे."

माझ्याकडे प्रत होती. मी काढून दिली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि सावकाश, एकेक ओळ वाचत गेली. मध्ये एकदा हसली, कोणत्या ओळीला ते कळलं नाही. पान उलटलं. मागे काही नव्हतं, तरी मागचं पान बघितलं. पुन्हा पुढचं.

"सगळं खरंय," ती म्हणाली. "काही खोटं नाही लिहिलंस. भाषा पण चांगली आहे." मग तिनं कागद माझ्याकडे वळवला आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं रकान्यांवरून खाली नेली. "पण मला काय पाहिजे होतं, ते यात कुठंय?"

"त्याला रकाना नव्हता गं," मी म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"फॉर्म तर तूच बनवलेलास ना ताई?"